पिल्ले खुरटली, दोष कोणाचा?

ब्रॉयलरची पिल्ले दोन आठवड्यांची झाली की शेडमध्ये जरा खाली बसून त्यांच्याकडे पाहा. सगळी एकाच दिवशी, एकाच गाडीतून आलेली. पण काही 400 ग्रॅमची, तर काही 150 च्या घरातच अडकलेली. पोट सुटलेले, मागची बाजू विष्ठेने माखलेली, पंखांची पिसे वेडीवाकडी बाहेर आलेली. विष्ठेत खाद्य न पचताच दिसते. मरतूक फारशी नसते म्हणून दुर्लक्ष होते, आणि नुकसान कळते ते थेट वजनकाट्यावर.

हा खुरटण्याचा रोग 1970 च्या दशकापासून जगभर माहीत आहे. विषाणू आतड्याच्या अस्तरात शिरतात, तेथील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि अन्नरस शोषला जात नाही. यात अ‍ॅस्ट्रो, रिओ, रोटा, पार्वो अशा कित्येक विषाणूंची नावे घेतली जातात. बहुधा ते एकटे येत नाहीत. शवविच्छेदनात आतडे फिकट, पातळ आणि पाण्याने भरलेले दिसते. पीसीआर चाचणीने विषाणू ओळखता येतो. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की, हेच विषाणू चांगल्या वाढणाऱ्या पिल्लांतही सापडतात.

मी स्वतः यात फसलो आहे. करार पद्धतीने पक्षी वाढवणाऱ्या एका शेतकऱ्याने बोलावले. मी खुरट्या पिल्लांची विष्ठा तपासायला पाठवली. अ‍ॅस्ट्रो विषाणू असल्याचा अहवाल आला आणि मी पत्र देऊन टाकले की, रोग पिल्लांबरोबरच आला. कंपनी म्हणाली, ब्रूडिंग चुकले. या वादात त्याचे संगोपनाचे पैसे अडकले. आठवड्याच्या आत शेजारच्या गावी त्याच लॉटची पिल्ले पाहिली. वजने उत्तम होती. तीही तपासली, तर विषाणू तोच! मग मी पहाटे चार वाजता पहिल्या शेडवर गेलो. पश्चिमेचा पडदा फाटलेला, त्या बाजूचा तूस ओला, पिल्ले एका कोपऱ्यात गोळा झालेली.

"डॉक्टरसाहेब, हे तुम्ही दुपारी आला होता तेव्हा दिसलं नसतं," तो म्हणाला. त्याने मला सांभाळून घेतले, एवढेच. विषाणू निर्दोष होता असे मी आजही म्हणणार नाही; पण अहवालात नव्हते ते मी पत्रात लिहिले होते. ते पत्र मला मागे घ्यावे लागले.

म्हणून नमुने कसे द्यायचे ते नीट ऐका. मेलेले पक्षी आणू नका. मृत्यूनंतर काही मिनिटांतच आतड्याचे अस्तर सडू लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही उमगत नाही. चार-पाच खुरटी पिल्ले जिवंत द्या आणि त्याच शेडमधली तीन धट्टीकट्टीही द्या. तुलना तिथेच होते. वय महत्त्वाचे आहे. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नमुने घ्यावेत, तीन आठवड्यांनंतर खूण पुसट होते. आतड्याचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये, तर पीसीआरसाठीचा भाग बर्फावर, ही वाटणी तुमचे पशुवैद्य करतील. रक्ती हगवण, खाद्यातली बुरशी आणि ब्रूडरचे तापमान हेही त्याच वेळी पाहायला हवे. मात्र पक्षी अचानक भराभर मरू लागले तर एकही पक्षी हलवू नका, आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ते विसरू नका.

प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाही. पण आतड्यात पाठोपाठ जिवाणू शिरले असतील, तर पशुवैद्य सांगतील तेवढेच औषध द्यावे. हे विषाणू चिवट असतात, जुन्या तुसात टिकतात. तूस पूर्ण उचलून, शेड धुऊन, निर्जंतुक करून काही दिवस रिकामी ठेवणे हाच त्यावर मोठा उपाय आहे.

त्या शेतकऱ्याने पुढच्या लॉटच्या आधी पडदा शिवून घेतला, रात्रीचे तापमान वहीत लिहू लागला. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला: वजने बरी आहेत, पण पाच-सहा पिल्ले खुरटीच राहिलीत. मी त्यांतली चार प्रयोगशाळेत पाठवली, आणि या वेळी सोबत तीन चांगलीही.