मुंगीच्या घरातले तोतये

नक्कल म्हणजे दिसण्याची नक्कल, हा कीटकांबद्दलचा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला भाऊंशी मिळताजुळता चेहरा तरी लागला. युरोपातल्या ‘लार्ज ब्लू’ आणि त्याच्या भाऊबंद निळ्या फुलपाखरांच्या अळ्या मुंगीच्या पिल्लासारख्या अजिबात दिसत नाहीत. तरीही मिर्मिका या लाल मुंग्या त्यांना उचलून घरी नेतात. वारुळातल्या अंधारात रूप बघतो कोण? तिथे ओळख पटते वासावरून, आणि अळीच्या अंगाला वास असतो मुंगीच्या पिल्लासारखा.

वास घरात शिरण्यापुरता झाला. आत गेल्यावर मानपान मिळतो तो आवाजामुळे. ‘रेबेली’ नावाच्या डोंगरी निळ्या फुलपाखराची अळी आणि कोश राणीमुंगीसारखा आवाज काढतात, हे 2009मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. संशोधकांनी छोट्या स्पीकरवर राणीचा आवाज लावला, तर कामकरी मुंग्या त्याच्याभोवती पहारा देऊ लागल्या! अन्नाचा तुटवडा पडला, तर या मुंग्या स्वतःची पिल्लं मारून पाहुण्याला भरवतात.

म्हणून मुंग्यांना बावळट ठरवू नये. वासावर विसंबणं हीच तर त्यांच्या कुटुंबाची ताकद आहे. तोतया नेमका तिचाच फायदा घेतो. आणि तोही काही अजिंक्य नाही. इक्न्युमॉन जातीची एक गांधीलमाशी याच अळीच्या शोधात वारुळात घुसते. तिच्या अंगातल्या रसायनांमुळे मुंग्या आपसांतच लढू लागतात आणि त्या गोंधळात ती अळीच्या अंगात अंडं घालते. ठकास महाठक.

या अळ्या म्हणजे मुंग्यांकडून आयतं खाणारे निरुपद्रवी पाहुणे, असंही वाचायला मिळतं. लार्ज ब्लूच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. तिची अळी पहिले काही आठवडे रानटी थाइमच्या फुलांवर राहते. मग जमिनीवर उतरते, वारुळात पोचते आणि सुमारे दहा महिने मुंग्यांची पिल्लं खाते. तिच्या अंतिम वजनापैकी 98 टक्क्यांहून अधिक वाढ इथेच होते.

ब्रिटनमधून हे फुलपाखरू 1979मध्ये नाहीसं झालं. बराच काळ दोष दिला गेला तो फुलपाखरं टाचून ठेवणाऱ्या हौशी संग्राहकांना. त्यांना रोखायला कुंपणंही घातली गेली. जेरेमी थॉमस यांनी 1970च्या दशकात कुरणांवर बसून अभ्यास केला तेव्हा खरं कारण सापडलं. लार्ज ब्लूची अळी मुख्यतः मिर्मिका साबुलेटी या एकाच जातीच्या घरात नीट तगते, आणि त्या मुंगीला उन्हाने तापणारी, आखूड गवताची जमीन लागते. गुरं चरायची थांबली. त्यातच 1950च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे मेले. गवत वाढलं, जमीन गार झाली आणि साबुलेटीची जागा दुसऱ्या मुंग्यांनी घेतली. अळ्यांना उचलणाऱ्या मुंग्या तेव्हाही होत्या, पण त्या चुकीच्या घरातल्या होत्या.

1980च्या दशकात स्वीडनहून अळ्या आणून हे फुलपाखरू ब्रिटनमध्ये पुन्हा वसवलं गेलं. त्यासाठी आधी कुरणांवर गुरं परत सोडावी लागली. संग्राहकांना रोखणाऱ्या कुंपणांनी चरणारी गुरंही बाहेर ठेवली होती. त्यामुळे त्या कुंपणांनी फायद्यापेक्षा नुकसानच जास्त केलं.