खेळण्यांचं दुकान आणि दुसऱ्याचं कर्ज

गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की आम्ही दोन प्रश्न हमखास विचारतो. पैसा कशासाठी घेतला, आणि फेडणार कोण? तेच प्रश्न घेऊन आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका खेळण्यांच्या दुकानात नेणार आहोत. दुकानाचं नाव टॉयज आर अस.

चार्ल्स लाझारस नावाचा तरुण दुसऱ्या महायुद्धातून घरी परतला. वॉशिंग्टन शहरात त्याच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तिथेच १९४८ साली त्यानं बाळांचे पाळणे आणि इतर सामान विकायला सुरुवात केली. लढाईवरून आलेली मुलं आता लग्न करणार, घरोघरी पाळणा हलणार, हा त्याचा साधा हिशेब. पण मोठ्याचा पाळणा धाकट्याला चालतो, त्यामुळे गिऱ्हाईक परत येत नाही. खेळणं मात्र मोडतं! आपल्या जत्रेतली पिपाणी घरी पोहोचेपर्यंत वाजली तरी नशीब. म्हणून १९५७ मध्ये त्यानं फक्त खेळण्यांचं दुकान काढलं. पाटीवर 'आर' हे इंग्रजी अक्षर उलटं लिहिलं, लहान मूल लिहितं तसं. पुढं सोबतीला एक जिराफ आला, आणि देशभर मोठमोठी दुकानं उभी राहिली.

मग स्पर्धा आली. वॉलमार्ट खेळणी स्वस्त विकू लागलं, आणि घरबसल्या मागवायचीही सोय झाली. पण खरा घाव बसला २००५ साली. तीन गुंतवणूकदार कंपन्यांनी ही साखळी सुमारे ६६० कोटी डॉलरला विकत घेतली. स्वतःचे घातले साधारण १३० कोटी. बाकीचं कर्ज, आणि तेही दुकानाच्याच डोक्यावर!

हे नीट समजून घेऊ. समजा, गावातली पिठाची गिरणी पाच लाखांना कुणी घेतली. एक लाख स्वतःचे दिले, चार लाख उचलले, आणि हप्ता मात्र गिरणीच्या गल्ल्यातून. गिरणी कितीही चालली तरी पट्टा बदलायला पैसा उरत नाही. टॉयज आर असचं तेच झालं. वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर नुसतं व्याजात जात होते. दुकानं जुनाट दिसू लागली, तरी रंगरंगोटीला हात आखडता. आम्हाला हे ऐकून आपल्याच बायका आठवल्या. कर्ज बाईच्या नावावर, पैसा दुसऱ्याच्या हातात, आणि हप्त्याच्या दिवशी दारात उभी तीच.

सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं बंद करायचं ठरलं, आणि त्यानंतर आठवड्याभरातच लाझारस वारले. तीस हजारांहून जास्त माणसांचं काम गेलं. काहींची वीस-पंचवीस वर्षं त्या दुकानात गेलेली, आणि हातात नुकसानभरपाईचा एक पैसा नाही.

पण त्या गप्प बसल्या नाहीत. कामगारांनी, त्यात कितीतरी बायका होत्या, एकत्र येऊन मोर्चे काढले, गुंतवणूकदारांच्या दारात गेल्या, लोकप्रतिनिधींना भेटल्या. शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन गुंतवणूकदार कंपन्यांनी त्यांच्यासाठी २ कोटी डॉलरचा निधी काढला. मागणीच्या मानानं थोडाच, पण कायद्यानं बांधलेले नसताना द्यावा लागला.

आता दुकानाचं काय? २०१९ मध्ये दोन छोटी दुकानं निघाली, तीही २०२१ च्या सुरुवातीला बंद पडली. मग नाव आणि जिराफ नव्या मालकानं घेतले. त्याच वर्षाअखेर न्यू जर्सीतल्या एका मॉलमध्ये मोठं दुकान उघडलं, आणि २०२२ मध्ये मेसीज या कपड्यालत्त्याच्या दुकानांमध्ये चारशेच्या वर ठिकाणी खेळण्यांचे कोपरे सुरू झाले. उलटा 'आर' पुन्हा पाटीवर चढला. मात्र तेव्हा बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्याच्या दुकानातल्या एका कोपऱ्यावर होता.