दूध तुटल्यानंतरचे पंधरा दिवस

चार आठवड्यांचे, सात-आठ किलोचे डुकराचे पिल्लू आईपासून वेगळे केले जाते, तेव्हा दूध, आई आणि ओळखीची जागा एकाच दिवशी सुटते. पहिल्या दिवशी दिवसभर कित्येक पिल्ले खाद्याला तोंडही लावत नाहीत. उपासाने आतड्यातले अन्न शोषणारे अंकुर आखूड होतात. जठरात आम्लही अजून पुरेसे तयार होत नसते. मका आणि सोयापेंड जाऊन पडते ती अशा पोटात. या पोटाला नेमके काय लागते, याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले.

त्याची सुरुवात उंदरांपासून झाली. मक्यातल्या झेन या प्रथिनावर उंदीर वाढत नाहीत. त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिसळले की वाढतात, हे अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१४ साली दाखवले. १९३५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ यांना थ्रिओनिन हे आणखी एक अमिनो आम्ल सापडले. मका-सोयाच्या खाद्यात डुकराला सर्वांत आधी लायसिन कमी पडते, हेही पुढे पक्के झाले.

तरीही खाद्याचा हिशेब बराच काळ एकूण प्रथिनांच्या टक्केवारीतच होत राहिला. लायसिन कमी पडते ना, मग सोयापेंड वाढवा! त्यामुळे लायसिन भागायचे, पण बाकीची अमिनो आम्ले गरजेपेक्षा जास्त व्हायची. शोषलेल्या जादा भागाचा यकृतात युरिया होऊन तो मूत्रावाटे जायचा. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात कुजायचा, तिथे अमोनिया तयार व्हायचा, ई-कोलाय जिवाणूंचे फावायचे आणि पिल्लू हगवणीने खंगायचे. वाढीसाठी घातलेले प्रथिनच असे पिल्लाच्या मुळावर यायचे.

या कोंडीतून बाहेर पडण्याची सोय जपानमध्ये झाली. ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल बनवणारा जिवाणू १९५६ मध्ये क्योवा हाक्को कंपनीत किनोशिता यांच्या गटाला सापडला. त्याच कुळातल्या जिवाणूंकडून लवकरच लायसिनही मिळू लागले. पुढे थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन खाद्यात घालण्याजोग्या दरात आले, नंतर व्हॅलिन. आता पेंड कमी करून उणे असलेले अमिनो आम्ल तेवढे वेगळे घालता येऊ लागले.

पण ते किती घालायचे? मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा इथे दिसतो. ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेने १९८१ मध्ये ‘आदर्श प्रथिना’चा हिशेब मांडला. लायसिन १०० धरायचे आणि बाकीची आम्ले त्याच्या प्रमाणात मोजायची: थ्रिओनिन ६०, मिथिओनिन-सिस्टीन मिळून ५०, ट्रिप्टोफॅन १५. चुंग आणि बेकर यांनी १९९२ मध्ये इलिनॉयमध्ये दहा किलोच्या पिल्लांसाठी तेच आकडे ६५, ६० आणि १८ असे मांडले. जात, हवामान, वाढीचा वेग बदलला की लायसिनची गरज बदलते. परस्पर प्रमाण त्यामानाने स्थिर राहते. त्यामुळे प्रत्येक आम्लासाठी दरवेळी नव्याने प्रयोग करण्याची गरज उरली नाही.

लायसिनचा आकडा मात्र चढत गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पाच ते दहा किलोच्या पिल्लासाठी खाद्यात १९८८ मध्ये १.१५ टक्के, तर १९९८ मध्ये १.३५ टक्के एकूण लायसिन सांगितले. २०१२ च्या आवृत्तीत सात ते अकरा किलोसाठी पुन्हा १.३५ दिसते, पण ते फक्त पचणारे लायसिन. हा फरक विसरून दोन आकडे शेजारी ठेवले की गरज वाढलीच नाही असा गैरसमज होतो.

युरोपने प्रश्नाची दिशा बदलली. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर २००६ पासून बंदी आली, आणि हगवण आवरणारे औषधी मात्रेतले झिंक ऑक्साइड २०२२ मध्ये गेले. इतकी वर्षे औषधाच्या आड लपलेले जादा प्रथिनाचे दुखणे उघडे पडले. मग प्रथिने उतरवून अमिनो आम्लांनी तोल साधण्यावर भर आला. खाद्यातल्या प्रथिनांची टक्केवारी एकाने उतरवली की बाहेर पडणारा नायट्रोजन सुमारे आठ ते दहा टक्क्यांनी घटतो, हा लाभही पदरात पडला.

याच काळात गरजेचा अर्थही रुंदावला. आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर थ्रिओनिनने समृद्ध असतो. आतडे दुखावले की थ्रिओनिन तिकडे खर्ची पडते. अंगात दाह असला की ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेने संपते, मांस वाढवायला कमी उरते. निरोगी पिल्लावर मोजलेले प्रमाण आजारी पिल्लाला जसेच्या तसे लावणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते. दूध तुटल्यावर पहिले पंधरा दिवस पोट सांभाळण्यासाठी काही ठिकाणी प्रथिनांबरोबर लायसिनही मुद्दाम थोडे कमी ठेवतात. तेवढ्या दिवसांची वाढ मागे पडते, आणि पोट स्थिरावले की खाद्यातली प्रथिने पुन्हा वाढवली जातात.