मते फ्रेंचांची, सत्ता लंडनची

मॉन्ट्रियलजवळ सां-उस्टाश नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या दगडी चर्चच्या दर्शनी भिंतीवर तोफगोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. १४ डिसेंबर १८३७ रोजी जनरल कोलबॉर्नच्या ब्रिटिश फौजेने गावाला वेढा घातला, तेव्हा डॉ. शेनिए आणि त्यांचे साथीदार या चर्चमध्ये अडकले. सैनिकांनी चर्चला आग लावली. शेनिए खिडकीतून उडी टाकून बाहेर पडले आणि गोळी लागून मेले. त्या दिवशी सुमारे सत्तर बंडखोरांचा जीव गेला, गाव लुटून जाळण्यात आले. खेड्यातला एक डॉक्टर आणि त्याच्याबरोबरचे शेतकरी साम्राज्याच्या तोफांपुढे का उभे राहिले? त्यांचे भांडण अनेक वर्षे जुने होते आणि त्याची सुरुवात हिशेबाच्या वह्यांवरून झाली होती.

१७६३ च्या पॅरिस तहाने सेंट लॉरेन्स नदीकाठची फ्रेंच वसाहत ब्रिटनकडे आली. राजा बदलला, माणसे तीच राहिली. त्यांची भाषा फ्रेंच, धर्म कॅथलिक. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने ब्रिटनने त्यांचा धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा मान्य केला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर राजनिष्ठ इंग्रजी भाषक उत्तरेकडे सरकले, आणि १७९१ मध्ये वसाहतीचे दोन भाग झाले: इंग्रजी बहुसंख्येचा अपर कॅनडा आणि फ्रेंच बहुसंख्येचा लोअर कॅनडा. दोन्हीकडे निवडून आलेली विधानसभा मिळाली. तिच्या डोक्यावर मात्र नेमलेल्या सभासदांचे वरिष्ठ सभागृह, नेमलेले कार्यकारी मंडळ आणि लंडनहून आलेला गव्हर्नर होता. लोअर कॅनडात सभेत बहुमत फ्रेंचांचे, आणि पगार, पदे, जमिनींची वाटणी यांवर ताबा गव्हर्नर आणि मॉन्ट्रियल-क्वेबेकच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या गोतावळ्याचा. सभेला बोलता येत होते, कायद्याचे मसुदे मंजूर करता येत होते. एकाही अंमलदाराला घरी पाठवता येत नव्हते.

हातात एकच गोष्ट उरली होती: पैसा. सरकारच्या सगळ्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा तपशील आमच्यापुढे मांडा, आम्ही बाबवार मंजुरी देऊ, असा आग्रह सभेने धरला. हा आग्रह किती रास्त होता हे १८२३ मध्ये उघड झाले. वसाहतीचा खजिनदार जॉन कॉल्डवेल दिवाळखोर निघाला आणि सरकारी तिजोरीत सुमारे ९६ हजार पौंडांची तूट सापडली. हा अधिकारी लंडनने नेमलेला, पैसा मात्र इथल्या लोकांचा.

त्या वेळचा गव्हर्नर होता लॉर्ड डलहौसी. सातारा आणि नागपूर खालसा करणाऱ्या डलहौसीचा हा बाप. विधानसभेने लुई-जोसेफ पापिनो या फर्ड्या वक्त्याला अध्यक्ष निवडले, तेव्हा १८२७ मध्ये डलहौसीने ती निवड मान्य करायचे नाकारले. लोकांनी लंडनला अर्ज पाठवला, त्यावर सुमारे ८७ हजार नावे होती. लिहिता न येणाऱ्या हजारोंनी फुलीची खूण केली होती. डलहौसीला जावे लागले; पुढे तो हिंदुस्थानात लष्कराचा सरसेनापती म्हणून आला.

१८३४ मध्ये विधानसभेने प्रसिद्ध ९२ ठराव मंजूर केले. वरिष्ठ सभागृह निवडून यावे, खर्चावर सभेचा ताबा असावा, नेमणुकांतला पक्षपात थांबावा, हा त्यांचा गाभा. लंडनने तीन वर्षांनी उत्तर दिले. मार्च १८३७ मध्ये लॉर्ड जॉन रसेल यांनी ब्रिटिश पार्लमेंटकडून दहा ठराव मंजूर करून घेतले, आणि त्यांनी गव्हर्नरला विधानसभेची परवानगी न घेता तिजोरीतून पैसे उचलण्याची मुभा दिली. सभेच्या हातातले एकमेव हत्यारही गेले. त्या उन्हाळ्यात गावोगाव सभा भरल्या, ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, पुढारी घरी विणलेल्या जाड कापडाचे कपडे घालून विधानसभेत आले. नोव्हेंबरमध्ये पुढाऱ्यांच्या अटकेची वॉरंटे निघाली आणि बंदुका बाहेर आल्या. २३ तारखेला सां-दनी गावात बंडखोरांनी फौजेला मागे हटवले. दोन दिवसांनी सां-शार्लमध्ये ते हरले, आणि तीन आठवड्यांनी सां-उस्टाश जळले. पुढच्या वर्षी पुन्हा उठाव झाला आणि पुन्हा चिरडला गेला. मॉन्ट्रियलच्या तुरुंगाबाहेर बारा जणांना फाशी दिली, ५८ जणांना ऑस्ट्रेलियाला पाठवले. त्यांची आठवण म्हणून सिडनीत एका उपसागराचे नाव कॅनडा बे पडले.

या पुढाऱ्यांना देव्हाऱ्यात बसवणे मला पटत नाही. पापिनो स्वतः जमीनदार होते आणि शेतकऱ्यांना नाडणारी जुनी सरंजामी वहिवाट मोडायला ते तयार नव्हते. १७९१ च्या कायद्यात मालमत्ताधारक स्त्रियांना मतदानाची बंदी नव्हती आणि त्या मतदानाला येतही होत्या. पापिनोंच्या पक्षानेच १८३४ मध्ये तो हक्क काढून घ्यायचा प्रयत्न केला. तरीही त्यांची मूळ मागणी न्याय्य होती.

आता येतो तो माणूस, ज्याच्या अहवालाने ब्रिटिश साम्राज्याचा इतिहास बदलला. राज्यघटना स्थगित करून लंडनने १८३८ मध्ये लॉर्ड डरहॅम यांना पाठवले. ते सुधारणावादी, १८३२ च्या मतदान सुधारणा कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक. मेअखेरीस ते पोहोचले. काही बंडखोरांना त्यांनी खटला न चालवता बर्म्युडाला पाठवले. लंडनने तो हुकूम रद्द केल्यावर रागाने राजीनामा देऊन १ नोव्हेंबरला ते परत निघाले. जेमतेम पाच महिन्यांच्या मुक्कामावर त्यांनी १८३९ मध्ये अहवाल दिला.

त्यांचे निदान असे की, मी सरकार आणि जनता यांच्यातला झगडा बघायला आलो, पण मला एकाच राज्यात झुंजणारी दोन राष्ट्रे दिसली. हे निदान अर्धेच खरे होते. १८३७ च्या डिसेंबरात अपर कॅनडातही विल्यम लायन मॅकेन्झी यांनी बंड केले होते आणि तिथे दोन्ही बाजूंना इंग्रजी बोलणारेच होते. लोअर कॅनडात सां-दनीची लढाई जिंकून देणारे डॉ. वुल्फ्रेड नेल्सन इंग्रजी भाषक, पापिनोंचे निकटचे सहकारी ओ'कॅलघन आयरिश. भाषेचा दुस्वास होता, त्याचे विष खोलवर गेले होते, हे नाकारता येणार नाही. पण दोन्ही वसाहतींत एकाच वेळी स्फोट झाला, त्याचे मूळ कुणाला जबाब न देणाऱ्या कारभारात होते.

डरहॅम यांनी उपाय दोन सांगितले. पहिला, दोन्ही कॅनडा एकत्र करून फ्रेंचांना इंग्रजी समाजात विरघळवून टाकावे. ज्यांना ना इतिहास ना साहित्य, अशा लोकांचे त्यातच भले आहे, असे त्यांचे म्हणणे. दुसरा, अंतर्गत कारभारात विधानसभेचा विश्वास असलेल्यांनीच मंत्रिमंडळ चालवावे. लंडनने पहिला उचलला आणि दुसरा बाजूला ठेवला. १८४१ मध्ये एकीकरण झाले. लोअर कॅनडाची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख, अपर कॅनडाची साडेचार लाख. जागा दोघांना सारख्या, ४२-४२. अपर कॅनडाचे भलेमोठे कर्ज दोघांच्या माथी आले. विधिमंडळाच्या दप्तराची भाषा फक्त इंग्रजी ठरली.

इथून पुढचा भाग मला बंडापेक्षाही विलक्षण वाटतो. फ्रेंच पुढारी लुई-इपोलित लाफोंतेन १८४१ च्या निवडणुकीला उभे राहिले. विरोधकांचे लाठीवाले मतदानाच्या जागी उभे होते. रक्तपात टाळायला लाफोंतेन यांनी माघार घेतली. तेव्हा टोरांटोचे सुधारणावादी रॉबर्ट बाल्डविन यांनी आपल्या भागातली इंग्रजी मतदारांची जागा त्यांना दिली, आणि त्या मतदारांनी या फ्रेंच कॅथलिकाला निवडून दिले. पुढे बाल्डविन हरले, तर १८४३ मध्ये रिमुस्कीच्या फ्रेंच मतदारांनी त्यांना निवडून पाठवले. लाफोंतेन यांनी सभागृहातले आपले पहिले मोठे भाषण मुद्दाम फ्रेंचमध्ये केले. फ्रेंचांना गिळायला जे सभागृह बांधले, त्यातच दोन भाषांच्या सुधारकांनी मिळून बहुमत उभे केले.

लंडनने तेही सहज सोडले नाही. १८४३ मध्ये गव्हर्नर होते चार्ल्स मेटकाफ. जांभेकरांचे ‘दर्पण’ निघत होते त्या काळात, १८३५ साली, हिंदुस्थानातल्या छापखान्यांवरची बंधने उठवणारे तेच मेटकाफ. कॅनडात मात्र सरकारी नेमणुकांत मंत्र्यांचे ऐकायला त्यांनी नकार दिला आणि जवळजवळ अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वारे फिरले १८४६ नंतर. ब्रिटनने धान्यकायदे रद्द करून खुला व्यापार स्वीकारला आणि वसाहती मुठीत ठेवण्याची निकड कमी झाली. नवे गव्हर्नर लॉर्ड एल्गिन हे डरहॅम यांचे जावई. सासऱ्याचा बाजूला ठेवलेला दुसरा उपाय जावयाने अमलात आणला. मार्च १८४८ मध्ये लाफोंतेन-बाल्डविन मंत्रिमंडळ आले, फ्रेंचवरची बंदी त्याच वर्षी उठली, आणि जानेवारी १८४९ मध्ये एल्गिन यांनी उद्घाटनाचे भाषण इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही वाचले.

खरी कसोटी त्या एप्रिलमध्ये लागली. १८३७-३८ च्या धामधुमीत ज्यांची मालमत्ता नष्ट झाली त्यांना भरपाई देणारा कायदा विधानसभेने मंजूर केला. राजद्रोह्यांना बक्षीस देता काय, म्हणून इंग्रज पुराणमतवादी खवळले. एल्गिन यांनी मंत्र्यांचा सल्ला मानून सही केली. त्यांच्या बग्गीवर अंडी फेकली गेली आणि २५ एप्रिलच्या रात्री जमावाने मॉन्ट्रियलचे पार्लमेंट ग्रंथालयासकट जाळले. सही मागे घेतली गेली नाही. तरी एक डाग इथेही आहे: याच मंत्रिमंडळाच्या काळात, १८४९ मध्ये, स्त्रियांचा मताधिकार कायद्याने संपवला गेला.

इतिहास नसलेले लोक, हा डरहॅम यांचा शेरा फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो या कारकुनी करणाऱ्या तरुणाला इतका झोंबला की त्याने कॅनडाचा इतिहास लिहायला घेतला आणि १८४५ मध्ये पहिला खंड काढला. १८६७ च्या घटनेने केंद्राच्या आणि क्वेबेकच्या विधिमंडळांत दोन्ही भाषांना जागा दिली.

एल्गिन १८६२ मध्ये व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात आले आणि पुढच्याच वर्षी धरमशाला इथे वारले. विधानसभेला जबाबदार मंत्री हा विषय इथे कुणाच्या कागदावरही नव्हता. १९०६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी युनायटेड किंग्डमसारखे किंवा वसाहतींसारखे स्वराज्य मागितले, तेव्हा त्या वसाहतींत कॅनडा अग्रभागी होता. १९१९ च्या कायद्याने प्रांतांना दिले ते द्विदल राज्य: शिक्षण, आरोग्य, शेती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे, पोलीस, महसूल आणि तिजोरी गव्हर्नरच्या राखीव खात्यात. लोअर कॅनडाच्या लोकांना १७९१ मध्ये मिळालेल्या कायद्यातली गोम इथे तशीच होती, आणि तिच्यावरचा इलाजही तोच निघाला. १९२४ मध्ये नागपुरात, मध्य प्रांताच्या विधिमंडळात बहुमत असलेल्या स्वराज्य पक्षाने अर्थसंकल्प फेटाळला. गव्हर्नरने राखीव खर्च आपल्या अधिकारात मंजूर केला आणि मंत्र्यांची खातीही स्वतःकडे घेतली.