गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड

वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्दच्या परिसरात, भातशेतीला एकदोन दुभत्या जनावरांची जोड असते. अशा घरी गाईला गोऱ्हा व कालवड असे जुळे झाले की आनंद दुणावतो. परंतु अशा 100 कालवडींपैकी 90 हून अधिक वांझ निघतात. अडीच-तीन वर्षे चारापेंड खाऊनही कालवड माजावर येत नाही आणि दोष मात्र वळूला, रेतनाला नाही तर दैवाला दिला जातो. खरे कारण जन्मापूर्वीच घडून गेलेले असते.

आरंभी प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एकीपासून नराच्या शुक्रवाहिन्या होऊ शकतात, दुसरीपासून मादीचे गर्भाशय. नर गर्भात सुमारे चाळिसाव्या दिवशी वृषण आकारास येऊ लागतात व त्यांतून दोन प्रकारचे अंतःस्राव, म्हणजे हार्मोन, रक्तात मिसळतात. टेस्टोस्टेरॉन हा स्राव नराच्या नळ्या टिकवून वाढवितो; दुसरा गर्भाशयाच्या नळ्या जिरवून टाकतो. मादी गर्भात हे स्राव नसल्याने गर्भाशय आपोआप वाढते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्ट यांनी 1947 च्या सुमारास सशाच्या नर गर्भातील वृषण वेळीच काढून पाहिले, तेव्हा त्या गर्भातही मादीचेच अवयव वाढले!

गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींस जोडल्या जातात. त्यामुळे भावाच्या वृषणांचे स्राव बहिणीच्या शरीरात शिरतात. तिचे गर्भाशय खुंटते, बीजांडकोशही नीट वाढत नाहीत. शिकागोचे प्राध्यापक फ्रँक लिली यांनी 1916 साली हा उलगडा केला. बाहेरून मात्र कालवड चांगली दिसते, आणि फसगत होते ती इथेच. माणसांतील बहीण-भाऊ जुळ्यांत अशा रक्तवाहिन्या सहसा जुळत नाहीत. त्याविषयी चिंतेचे कारण नाही. दोन्ही वासरे कालवडी असल्या, तरीही हा दोष उद्भवत नाही.

परीक्षा सोपी आहे. पशुवैद्यक गोल टोकाची, निर्जंतुक व वंगण लावलेली नळी नवजात कालवडीच्या योनीत हलकेच सारून पाहतात. निरोगी कालवडीत ती साधारण 12 ते 15 सेंटिमीटर आत जाते. सदोष कालवडीत 5 ते 8 सेंटिमीटरवरच अडते. हा प्रयोग घरी करू नये, इजा होते. शंका उरल्यास रक्त तपासून त्यात नराच्या पेशी आहेत का, हे पाहता येते. जुळ्यातील गोऱ्हा बहुधा कामाला चांगला असतो. पैदाशीसाठी मात्र त्याच्या वीर्याची तपासणी करून घ्यावी.

दोष निश्चित झाल्यास दुभत्याच्या आशेने खर्च करू नये. कालवड विकायची झाल्यास घेणाऱ्यास तसे स्पष्ट सांगावे. क्वचित नर गर्भ पोटातच मरतो व एकटीच सदोष कालवड जन्मते. म्हणून चांगल्या पोसलेल्या कालवडीस योग्य वयात माज न आल्यास, ती जुळी नसली तरी, तपासून घ्यावी.