शेततळ्यातील मासे वर आले म्हणजे काय समजावे?

पावसाळ्यात चार-सहा दिवस सूर्यदर्शन झाले नाही, म्हणजे शेततळ्यात मासे पाळणाऱ्याने सूर्योदयापूर्वी तळ्यावर एक फेरी मारावी. अशा पहाटे पुष्कळदा तळ्यातील मासे पृष्ठभागावर येऊन, तोंडे बाहेर काढून हवेचे घुटके घेताना दिसतात. पाहणारा घाबरतो. मासळीला रोग आला असे समजून तो दुकानातून मिळेल ते औषध आणतो व तळ्यात ओततो. तोपर्यंत नऊ वाजलेले असतात, थोडे ऊन पडलेले असते आणि मासे खाली गेलेले असतात. औषधाला गुण आला, असे त्यास वाटते. दुसऱ्या पहाटे मासे पुन्हा वर येतात, आणि या खेपेस त्यांतले मोठे कटले पोट वर करून तरंगत असतात.

येथे रोग नव्हताच. पाण्यातील प्राणवायू संपला होता.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका पर्जन्यछायेच्या बाजूचा. महाबळेश्वरासारखा धुवाधार पाऊस येथे पडत नाही. पण आभाळ दिवसच्या दिवस झाकोळलेले राहते. उत्तरेस नीरा नदी व वीर धरण असले, तरी वरकस भागातील शेतकऱ्याची भिस्त विहिरीवर व शेततळ्यावर असते. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर महाराष्ट्रात अशी तळी पुष्कळ झाली आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडण्याची प्रथाही वाढली. दर हेक्टरी दहा हजार बोटुकली या हिशोबाने ३० × ३० मीटरच्या तळ्यात सुमारे नऊशे मासे बसतात. दहा महिन्यांची मेहनत व खाद्याचा सर्व खर्च त्यांत गुंतलेला असतो, आणि तो एका रात्रीत बुडू शकतो.

पाण्यातील हिरवे सूक्ष्म शैवाल दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेही माशांप्रमाणेच प्राणवायू वापरते. म्हणून त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. आभाळ असले की दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. दर लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असल्यास मासे सुखाने वाढतात. तो ३ च्या खाली गेला की त्यांस त्रास होतो व १ च्या आसपास ते मरू लागतात. कोंबडीखत किंवा शेण जास्त पडलेल्या, हिरव्यागार तळ्यात हा धोका अधिक. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून पाहावा. वीतभर खोलीवरच पंजा दिसेनासा झाला, तर खत व खाद्य दोन्ही थांबविण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

ग्रामसेवकाने तळ्यावर गेल्यावर प्रथम औषधाचे नाव काढू नये, प्रश्न विचारावेत. मासे कोणत्या वेळी वर येतात? पहाटे येऊन उन्हाबरोबर खाली जात असतील, तर प्राणवायूची तूट निश्चित. कोणते मासे वर आहेत? कटला हा मुळातच वरच्या थरातला. पण तळाशी चरणारा मृगळही वर आला असेल, तर सबंध पाणी बिघडले आहे. मेले किती व कसे? प्राणवायू संपला की एका रात्रीत पुष्कळ मासे जातात आणि मोठे आधी जातात. रोगात रोज एक-दोन, तेही बहुधा एकाच जातीचे, असे मरण चालू राहते. माशांबरोबर बेडूक व पाणकिडेही मेले असतील, मासे वेडेवाकडे उसळत असतील, तर शेजारच्या पिकावर काय फवारले आणि फवारणीचा पंप कोठे धुतला, याची चौकशी करावी. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांस अत्यंत विषारी असतात. शेततळ्याच्या काठावर पंप धुण्याची सवय मोडलीच पाहिजे.

त्यानंतर एक सोपी परीक्षा करावी. विहिरीचे पाणी दोन-तीन वेळा उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. त्यात त्रस्त मासा सोडावा. घटका-दोन घटकांत तो सावरला, तर दोष पाण्याचा. न सावरल्यास हात ओले करून त्यास उचलावे व कल्ले उघडून पाहावेत. निरोगी कल्ले लालभडक असतात. फिकट वा बुळबुळीत झाले असल्यास परोपजीवींचा संशय घ्यावा. तपकिरी दिसल्यास पाण्यात नायट्राइट साचले आहे असे मानावे. या परीक्षेसाठी ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी घेऊ नये. त्यातील टीसीएल पावडरीच्या क्लोरीनने कल्ले भाजतात. शाळेतील काचपेटीत नळाचे ताजे पाणी भरताच रंगीत मासे मरतात, त्याचे कारणही पुष्कळदा हेच असते. असे पाणी उघड्या भांड्यात निदान एक दिवस ठेवून मगच वापरावे, आणि तेही एका वेळी पेटीच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच बदलावे.

प्राणवायूची तूट ठरली, की त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद करावे व पंपाने तळ्याचेच पाणी उचलून भोके पाडलेल्या नळीतून उंचावरून तळ्यातच पाडावे. वीज पाळीने येते, आणि नेमकी पहाटे नसली तर डिझेल इंजिनाची तजवीज आधीच हवी. काहीच नसल्यास बांबूंनी पाणी झोडपावे. तेवढ्यानेही बराच फरक पडतो. विहिरीचे ताजे पाणी सोडणे उत्तम, परंतु तेही उंचावरूनच, कारण त्यात मुळात प्राणवायू थोडा असतो.

या वेळी पोटॅशियम परमँगनेट टाकणे ही मोठी चूक होय. त्याने शैवाल मरते, ते कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते. चुन्याचीही तीच गत: पाणी आधीच अल्कधर्मी असेल, तर चुन्याने अमोनिया अधिक विषारी होतो. चुना चांगला, पण सामू तपासून.

खरा रोग असेल, तर उपचार वेगळा. पर व अंगावर मसुरीएवढ्या चपट्या, पारदर्शक उवा चिकटलेल्या दिसल्या आणि मासे कडेला अंग घासू लागले, तर ती आर्ग्युलसची बाधा होय. ही ऊ कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. म्हणून तळ्यात बांबू रोवून ठेवावेत व चार-पाच दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवावेत; या बिनखर्ची उपायाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. जाळ्यात आलेले मासे १०० लिटर पाण्यात ३ किलो मीठ घातलेल्या द्रावणात दोन-तीन मिनिटे बुडवावेत, आणि त्यांचा तोल जाऊ लागताच बाहेर काढावेत.

थंडीत अंगावर तांबडे व्रण पडून मांस उघडे होऊ लागले, तर तो अल्सर रोग असू शकतो. भारतात तो १९८८ सालापासून आढळतो. त्यावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले. त्याची मात्रा दर हेक्टर-मीटर पाण्यास एक लिटर आहे. येथेच हिशोब चुकतो. एक हेक्टर-मीटर म्हणजे १०,००० घनमीटर. ३० × ३० मीटरच्या, एकास एक उताराच्या, तीन मीटर खोल तळ्यात दोन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १,३५० घनमीटर भरते. म्हणजे औषध १३५ मिलिलिटर पुरे. वरच्या तोंडाचे माप घेऊन खोलीने गुणले, तर हा आकडा १,८०० येतो व औषध तिसऱ्या हिश्शाने जास्त पडते. प्रतिजैविके मात्र ऐकीव सल्ल्याने वापरू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या वापरास मत्स्यपालनात बंदीच आहे.

निदान न झाल्यास सातारा येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. शिरवळास पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथेही चौकशी करून पाहावी. नमुना न्यायचा तो जिवंत, आजारी माशाचा. तळ्यातील पाण्यासह पिशवीत, अथवा नुकताच मेलेला असल्यास बर्फात ठेवून न्यावा. तरंगून फुगलेल्या माशावरून काहीही कळत नाही. तळ्यातील पाण्याची बाटली निराळी भरावी आणि ती कोणत्या वेळी भरली, ते वर लिहावे. मेलेले मासे ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नयेत. तळ्यापासून व विहिरीपासून दूर खड्डा खणून, वर चुना पसरून पुरावेत.