बाहेर पडायची वाट मोकळी आहे ना?

दाराला दुहेरी कुलूप, खिडकीला लोखंडी जाळी, गच्चीला टाळे. चोरापासून वाचण्यासाठी आपण केलेली ही सगळी व्यवस्था आगीच्या वेळी आपल्यालाच कोंडून घालते. दिल्लीत गेल्या तीस वर्षांत लागलेल्या मोठ्या आगींकडे पाहिले, तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

आग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. प्रत्यक्षात आगीत सापडलेली बरीच माणसे ज्वाळा अंगाला लागण्यापूर्वीच धुराने गुदमरून जातात. प्लास्टिक, फोम, रेक्झिन, रंग अशा वस्तू जळू लागल्या की काही मिनिटांतच जिना काळ्या धुराने भरतो. शेजारी उभा असलेला माणूसही दिसत नाही. अशा वेळी जीव वाचतो तो बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल तरच.

हा विषय केवळ दिल्लीकरांचा नाही. नोकरीनिमित्त हजारो मराठी कुटुंबे दिल्ली, नॉयडा, गुडगाव येथे राहतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले-मुली मुखर्जी नगर आणि राजेंद्र नगरच्या दाटीवाटीच्या इमारतींत खोल्या घेऊन राहतात. हरिद्वारला किंवा वैष्णोदेवीला निघालेली मंडळी पहाडगंज, करोल बागच्या हॉटेलांत उतरतात. तेव्हा दिल्लीच्या आगी आपल्याला काय शिकवतात, हे प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे.

'उपहार'चा धडा

१३ जून १९९७. दक्षिण दिल्लीतील ग्रीन पार्क भागातल्या 'उपहार' चित्रपटगृहात 'बॉर्डर' चित्रपटाचा दुपारचा खेळ चालू होता. तळमजल्यावर मोटारी ठेवण्याच्या जागेजवळच विजेचा ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याची दुरुस्ती त्याच दिवशी सकाळी झाली होती. दुपारी तेथे ठिणगी पडली, गळलेल्या तेलाने पेट घेतला आणि जवळच्या मोटारी जळू लागल्या.

आग खालीच होती, वर गेला तो धूर. जिन्याने धुराड्याचे काम केले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना एका बाजूची जाण्या-येण्याची वाट बंद करण्यात आली होती आणि त्या बाजूचे दारही उपयोगाचे राहिले नव्हते. दिवे गेले. प्रेक्षकांना सावध करणारी घोषणा झाली नाही. त्या दिवशी ५९ जण गेले आणि शंभराहून अधिक जखमी झाले.

नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती या दांपत्याची दोन्ही मुले, उन्नती आणि उज्ज्वल, त्या खेळाला गेली होती. दोघेही परत आली नाहीत. या आईवडिलांनी इतर कुटुंबांना एकत्र करून वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाच्या मालकांना मिळून ६० कोटी रुपये भरण्यास सांगितले. आपल्या मुलांचा जीव चार खुर्च्यांच्या जादा उत्पन्नासाठी गेला, ही त्या आईवडिलांची वेदना मात्र कोणत्या दंडाने भरून निघणार?

जागा बदलली, कारण तेच

'उपहार'नंतर तरी डोळे उघडायला हवे होते. पण पुढची यादी पाहा.

१२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे करोल बागच्या एका हॉटेलात आग लागली. भिंतींना शोभेसाठी लाकूड लावलेले असल्याने खोल्यांबाहेरच्या बोळातून पळणेच अशक्य झाले. १७ जण दगावले.

त्याच वर्षी ६ ऑगस्टच्या रात्री झाकिर नगरमधील एका राहत्या इमारतीत विजेच्या मीटरच्या पेटीपाशी आग लागली. मीटर जिन्याजवळ, गाड्याही तिथेच. वरच्या मजल्यांवरची कुटुंबे अडकली आणि सहा जण मरण पावले.

८ डिसेंबर २०१९. राणी झाशी रोडजवळच्या अनाज मंडीतील एका इमारतीत छोटे-छोटे कारखाने चालत आणि रात्री कामगार तेथेच झोपत. पहाटे आग लागली तेव्हा खिडक्यांना जाळ्या होत्या आणि जिन्यात माल होता. गल्ली इतकी अरुंद, की बंब दारापर्यंत नेणे कठीण झाले. ४३ जणांचा बळी गेला. त्यातले बरेच जण बिहारहून पोटासाठी आलेले होते. राजेश शुक्ला नावाच्या अग्निशामक जवानाने धुरात पुन्हा पुन्हा शिरून ११ जणांना बाहेर काढले.

१३ मे २०२२ रोजी मुंडका येथील चार मजली इमारतीत २७ जण गेले. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. येण्या-जाण्याचा जिना एकच होता. लोक दर्शनी काचा फोडून दोरांच्या आधाराने खाली उतरले.

२५ मे २०२४ च्या रात्री विवेक विहारमधील नवजात बालकांच्या रुग्णालयात आग लागली आणि सात तान्ह्या बाळांचा जीव गेला. रुग्णालयाच्या परवान्याची मुदत आधीच संपलेली होती. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा बालके गेली होती, तो घाव महाराष्ट्र अजून विसरलेला नाही.

हॉटेल, घर, कारखाना, कचेरी, रुग्णालय. ठिकाणे निरनिराळी, पण बहुतेक ठिकाणी माणसांना बाहेर पडायची वाट मिळाली नाही.

कायदा काय म्हणतो?

दिल्लीत २००७ साली अग्निशमन सेवेचा कायदा झाला आणि २०१० साली त्याखालील नियम आले. कोणत्याही इमारतीत किमान काय असावे याची यादी या नियमांत आहे. तिच्या सुरुवातीलाच इमारतीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आणि बाहेर पडण्याच्या वाटांची संख्या व रुंदी येते. आग विझवण्याची नळकांडी, पाण्याच्या टाक्या, घंटा हे सारे त्यानंतर. ठरावीक इमारतींना अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. राहत्या इमारतींसाठी ते पाच वर्षे आणि इतरांसाठी तीन वर्षे चालते.

पण येथेच एक मेख आहे. २०१० च्या नियमांनी प्रमाणपत्राची सक्ती बहुतेक वेळा उंचीवर ठरवली. राहत्या घरांसाठी १५ मीटर, शाळा-रुग्णालयांसाठी ९ मीटर अशा मर्यादा घातल्या गेल्या. त्याहून बुटकी इमारत असली की तपासणीला सहसा कुणी येत नाही. दिल्लीतील असंख्य तीन-चार मजली घरे अशीच आहेत. धूर मात्र इमारतीची उंची विचारून येत नाही. जेथे सरकारी तपासनीस पोहोचत नाही, तेथे घरच्यांनीच तपासनीस व्हायला हवे.

महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याखाली, ज्या इमारतींना तो लागू आहे तेथे, आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. आपल्या सोसायटीने गेल्या वेळी तो दिला का, हे पुढच्या सभेत जरूर विचारा.

घरात काय पाहाल?

दिल्लीच्या वसाहतींत आता एक ठरावीक नमुना दिसतो. खाली खांबांवर मोकळी सोडलेली गाड्यांची जागा, जिन्याच्या तोंडाशी विजेचे मीटर, त्याखाली स्कूटर आणि जुने सामान, वर चार बिऱ्हाडे. २०२३ च्या जून महिन्यात मुखर्जी नगरच्या एका इमारतीत मीटरपाशीच आग लागली, तेव्हा शिकवणीला आलेली मुले वायरी आणि दोर धरून खिडक्यांतून उतरली. म्हणून पुढील गोष्टी आजच पाहून घ्या.

जिना हा अडगळीचा कोपरा नव्हे. मीटरखाली गाडी, गादी, रद्दी, रंगाचे डबे ठेवू नका. बॅटरीवर चालणारी स्कूटर रात्रभर जिन्यात चार्जिंगला लावू नका.

गच्चीच्या दाराला कडी असावी. कुलूप लावायचेच असेल, तर किल्ली प्रत्येक बिऱ्हाडात हवी आणि ती कोठे आहे हे मुलांनाही ठाऊक हवे.

खिडक्यांच्या जाळ्यांपैकी निदान एक आतून उघडणारी करून घ्या. लोहाराचे हे काम एका दिवसाचे आहे.

एअर कंडिशनर, गीझर यांना स्वतंत्र वायरिंग द्या. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चार उपकरणे लावू नका. फ्यूज वारंवार उडत असेल, तर जाड तार घालून काम भागवू नका. तो तुम्हाला धोक्याची सूचनाच देत असतो.

गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षे झाली की ती बदला. सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असू द्या. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

दुकान, कचेरी, वसतिगृह

मुलीसाठी खोली पाहायला गेलात, तर भाडे आणि डबा यांच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. दुसरा जिना कोठे आहे? रात्री मुख्य दाराची किल्ली कोणाकडे असते? हॉटेलात उतरल्यावर सामान ठेवण्याआधी जिन्यापर्यंत एकदा चालून या. खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे आहेत ती मोजा, म्हणजे अंधारात भिंत चाचपत जाता येईल. ज्यांचे दुकान किंवा कारखाना आहे त्यांनी कामगारांना आत ठेवून बाहेरून कुलूप कधीही लावू नये.

मोकळी जागाही निर्धोक नाही

दिल्लीच्या पलीकडे हरियाणातील डबवाली गावी २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेचे स्नेहसंमेलन चालू होते. वर कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मंडप आणि बाहेर पडायला एकच फाटक. मंडपाने पेट घेतला आणि काही मिनिटांत ४४२ माणसे गेली. त्यात अर्ध्याहून अधिक मुले होती. लग्नाचा किंवा गणपतीचा मंडप घालताना निदान दोन रुंद दारे, सुती कापड आणि स्वयंपाकाची जागा दूर, एवढा आग्रह आपण धरलाच पाहिजे.

बागेतला पालापाचोळा किंवा कचरा पेटवून देणे हाही गुन्हाच आहे. २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठरवला. मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास तो २५,००० आहे. आणि रात्री वसाहतीची सर्व फाटके बंद करून एकच उघडे ठेवायची पद्धत असेल, तर बाकीच्या किल्ल्या चौकीदाराच्या कमरेला हव्यात. बंब आला आणि किल्ली शोधत बसलो, असे व्हायला नको.

आग लागलीच तर

सर्वांत आधी माणसे बाहेर काढा. मग १०१ किंवा ११२ वर फोन करून पूर्ण पत्ता आणि जवळची खूण सांगा. कपाट, दागिने, कागदपत्रे यांच्यासाठी परत आत जाऊ नका. लिफ्ट वापरू नका. बाहेर पडताना खोलीचे दार ओढून घ्या, म्हणजे आगीला हवा कमी मिळते. धुरातून जावे लागले तर रांगत जा, कारण जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. जिन्यात दाट धूर असेल तर आत फिरा, दार लावून फटीत ओले कापड कोंबा आणि बाल्कनीतून हाक द्या. कढईतील तेल पेटले तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण ठेवा.

महिन्यातून एकदा मुलांना घेऊन अंधारात दारापर्यंत चालण्याचा सराव करा. मुलांना हा खेळ वाटेल, पण प्रसंग आला तर तोच कामी येईल. सरकारने नियम कडक करावेत, तपासणी प्रामाणिकपणे व्हावी, ही मागणी तर आपण करायचीच. मात्र जिन्यातली स्कूटर हलवायला आणि गच्चीचे कुलूप काढायला कोणत्याही खात्याचा परवाना लागत नाही.